दुबईपर्यंतची सोबत

"ताई, मराठी का तुम्ही?"

मी हो म्हणेपर्यंत त्याची नजर माझ्या बॅगेच्या मुठीला बांधलेल्या लाल साडीच्या काठावरून फिरून आली होती. सामानाच्या पट्ट्यावर शंभर काळ्या बॅगांमध्ये आपली ओळखू यावी म्हणून चिंधी बांधायची, ही आपल्याकडची पक्की खूण. रात्रीचा पाऊण वाजत होता. सहारच्या टर्मिनल-२ वर, जिथून परदेशी जाणारे आत शिरतात त्या वरच्या मजल्यावर, मे महिन्याची चिकट हवा अंगाला लागत होती आणि गाड्या दोन-दोन रांगांत उभ्या राहून माणसं आणि बॅगा खाली ओतत होत्या.

"साडेचारच्या दुबईला का?"

"हो."

"तिथनं पुढं न्यूयॉर्क?"

"नाही, मी लंडनला."

त्याचा चेहरा जरा उतरला. मग मागं वळून त्यानं एका बाईंना हाक मारली, "आई, दुबईपर्यंत गावल्या बघ एक ताई."

मला हसू आलं, आणि लगेच माझी आजी आठवली. एसटी सुटायच्या आधी खिडकीतून कंडक्टरला सांगितलं जायचं, "मास्तर, ही पोरगी कराडला उतरायची आहे, स्टँडावर मामा येईल." मग कंडक्टर, पुढच्या बाकावरचे कुणी गुरुजी आणि कोंबडी घेऊन बसलेली कुणी मावशी असे सगळेच माझे पालक व्हायचे. कुणाच्या तरी हवाली केल्याशिवाय आपण माणूस पाठवत नाही. आंतरराष्ट्रीय विमानतळ मात्र एकट्यानं जाणाऱ्या, वाचता येणाऱ्या, पाट्या बघत पुढं सरकणाऱ्या माणसासाठी बांधलेला असतो. दाराशी सीआयएसएफचा जवान पासपोर्ट आणि तिकीट बघतो. ज्याचं तिकीट तोच आत, सोडायला आलेले बाहेर. म्हणून त्या दारापाशी मध्यरात्री सोबत शोधली जाते. गेली काही वर्षं कामानिमित्त मी इथून ये-जा करते आहे आणि एकदाही मला कुणी विचारलं नाही असं झालेलं नाही. कधी नागपूरचे निवृत्त मास्तर, कधी संगमनेरचं जोडपं. या खेपेला वाळवा तालुक्यातल्या काकू होत्या. लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेल्या.

एका बाईला सोडायला अकरा माणसं आली होती. एक बोलेरो, एक भाड्याची गाडी, संध्याकाळी गाव सोडलेलं, वाटेत पुण्याजवळ जेवण. काकूंच्या कपाळावर औक्षणाचं कुंकू अजून ओलं होतं, पायात नवेकोरे पांढरे बूट आणि अंगावर नऊवारी. बूट जावयानं तिकडून पाठवले होते.

बॅगा मात्र पुन्हा उघडाव्या लागल्या. अमेरिकेला तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा चालतात. गावातल्या सोसायटीच्या काट्यावर त्या ग्रॅमपर्यंत मोजून आणल्या होत्या, त्यामुळं वजनाची भीती नव्हती. भीती होती खोबऱ्याची. शेजारच्या कुटुंबानं सांगितलं, सुकं खोबरं काढा, आत गेल्यावर बॅग परत मागवतात. ते खरंच आहे. खोबऱ्याच्या वाटीत निम्म्याहून जास्त तेल असतं आणि कोंदट जागी ते आपोआप तापू शकतं. विमानवाहतुकीच्या भाषेत खोबरं हा पेट घेऊ शकणारा माल आहे, त्याला संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला स्वतःचा क्रमांकसुद्धा आहे, १३६३. डिंकाच्या लाडवांना लागेल म्हणून आणलेल्या त्या वाट्या ट्रॉलीवरच पिशवीत काढल्या गेल्या आणि सुनेच्या हातात परत आल्या. "बाळंतिणीच्या लाडवाला खोबरं न्हाई म्हंजे काय मग?" काकूंनी विचारलं. कुणाकडंच उत्तर नव्हतं. न्यू जर्सीत खोबरं मिळतं, हे मी सांगितलं, पण ते त्यांना मनापासून पटलं नाही.

मुलानं मला बाजूला घेतलं. आवाज खाली करून म्हणाला, "आम्ही व्हीलचेअर सांगितलीय. चालता येतं तिला. पण इंग्रजी..."

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. विमान कंपन्यांच्या भाषेत चाकाच्या खुर्चीचे तीन मुख्य प्रकार आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, पण लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही चढवत नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंत उचलून न्यावं लागतं. भारतातून अमेरिका-कॅनडाकडं जाणाऱ्या विमानांच्या दाराशी खुर्च्यांची जी लांबलचक रांग दिसते, तिच्यावर समाजमाध्यमांत भरपूर विनोद होतात. विमान उतरलं की हीच माणसं टुणटुण चालत बाहेर येतात, विमानात म्हणे चमत्कार होतो. विनोद करणाऱ्यांना इंग्रजी येतं. त्या रांगेतल्या निम्म्या माणसांना खुर्ची गुडघ्यासाठी हवी असते आणि उरलेल्यांना जिभेसाठी. खुर्चीमागं एक माणूस येतो. त्याला गेट ठाऊक असतं, रांग ठाऊक असते, साहेबाशी काय बोलायचं ते ठाऊक असतं. एसटीचा कंडक्टर विमानतळावर मिळायची ही एकच सोय आहे आणि ती तिकिटात येते. ज्याचे पाय खरोखर चालत नाहीत त्याला यामुळं ताटकळत बसावं लागतं, हेही खरं आहे आणि ते वाईटच आहे. पण पाट्या वाचता न येणं हे अपंगत्व कुठल्या रकान्यात भरायचं, याचा चौथा प्रकार अजून कुणी काढलेला नाही.

"पाय धड हाईत माझं," काकू स्वतःच म्हणाल्या. "परवापतुर भांगलायला जात होतो मी." त्या भागातल्या बायका स्वतःला 'जातो, येतो'च म्हणतात. ऐकायला कानाला फार बरं वाटतं.

निरोपाचं मी लिहीत नाही. काचेच्या अलीकडून आणि पलीकडून हात हलतात, ज्याला दिसेनासं होतं तो आधी थांबतो, एवढंच. मुलाचा शेवटचा प्रश्न मात्र लक्षात राहिला, कारण तो फार शहाणपणाचा होता. "ही सगळी विमानं रातचीच का वो सुटत्यात?" त्याला मी घाईत काहीतरी सांगितलं, इथं नीट सांगते. युरोपात उतरायचं तर सकाळी उतरलेलं बरं पडतं, कारण तिथून पुढची जोडविमानं सकाळी सुटतात. मुंबईहून लंडन साधारण नऊ-दहा तासांवर आणि घड्याळ साडेचार-साडेपाच तास मागं. म्हणजे इथून रात्री दोनला निघालं तर तिथं सकाळी सातच्या आसपास. शिवाय बऱ्याच युरोपीय शहरांना झोप प्यारी असते. फ्रँकफर्टला रात्री अकरा ते पहाटे पाच विमानं ठरवून बंदच असतात. दुबईचंही गणित तसंच, पहाटे पूर्वेकडून माणसं गोळा करायची आणि सकाळी पश्चिमेकडं पाठवायची. युरोपची झोपमोड होऊ नये म्हणून आपली होते. मेट्रोची अॅक्वा लाइन ऑक्टोबर २०२४ पासून थेट टी-टू पर्यंत येते, पण परदेशी विमानांची खरी गर्दी सुरू व्हायच्या वेळेला ती झोपायला गेलेली असते.

खुर्ची ढकलायला आलेला मुलगा विशी-बाविशीचा होता. नालासोपाऱ्याहून येतो म्हणाला. "मावशी, पासपोर्ट हातात ठेवा, पिशवीत नको." एका पाळीत किती फेऱ्या होतात, विचारलं तर बोटं मोजून सात-आठ म्हणाला. अमेरिकेचं विमान असेल त्या दिवशी जास्त. सगळ्यांत अवघड काय, तर म्हणे, "आजोबा लोक. बसायलाच तयार नसतात. अर्ध्या वाटेत उठतात आणि मलाच म्हणतात तू दमलास, तू बस."

टी-टू ही अमेरिकेतल्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या वास्तुरचनाकारांची इमारत. जानेवारी २०१४ मध्ये तिचं उद्घाटन झालं आणि फेब्रुवारीत ती सुरू झाली. छतात मोरपिसाच्या डोळ्यांची नक्षी आहे. दिवसा तिथून ऊन झिरपतं म्हणतात, आपण पाहतो ती रात्रीच. लोक मात्र अजून सहारच म्हणतात. टॅक्सीवाल्याला छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणावं लागत नाही, सहार म्हटलं की तो वळतो. सहार हे मुळात गाव. इथले जुने रहिवासी ईस्ट इंडियन, साष्टीतले मराठी बोलणारे ख्रिस्ती. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली त्या १८८७ साली त्यांनी हे इंग्रजी नाव घेतलं, पण लग्नातली गाणी मराठीच राहिली. त्यांच्या शेतांच्या आणि गावठाणाच्या भोवती विमानतळ वाढत गेला. पुढं धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी तामिळनाडूतून आणलेल्या मजुरांनी १९९१ मध्ये दलदल बुजवून अण्णावाडी ही झोपडपट्टी वसवली. कॅथरीन बू यांनी २०१२ च्या पुस्तकातून ती जगाला दाखवली. उंचावरच्या रस्त्यावरून गाडी थेट टर्मिनलच्या दाराशी येते तेव्हा यातलं फारसं काही दिसत नाही.

आतल्या लांबच लांब भिंतींवर 'जय हे' नावाचं कलासंग्रहालय आहे. राजीव सेठी यांनी मांडलेलं, तीन किलोमीटरहून लांब, हजारो वस्तूंचं. कोरीव दारं, खांब, सज्जे, मूर्ती. फुरसत असेल तर दोन तास कमी पडतील. आम्ही ते खुर्चीच्या वेगानं पाहिलं. काकूंची मान मात्र प्रत्येक दाराशी वळत होती. "एवढी दारं लावल्यात," त्या म्हणाल्या, "अन् घर कुठं हाय?"

ज्या गोष्टीची मला स्वतःला फार चुटपुट लागते ती म्हणजे इथली शांतता. टी-टू हा 'सायलेंट' विमानतळ आहे, म्हणजे एरवीच्या घोषणा होत नाहीत, पडद्यावर बघायचं. झोपणाऱ्यांना आणि आमच्यासारख्या वाचत बसणाऱ्यांना ते सुखाचं. पण ज्याचा सगळा प्रवास कानांवर चालतो, "सांगली-सांगली-सांगली" ऐकून जो गाडीत चढतो, त्याचा हात या शांततेनं सोडला. तशीच दुसरी एक गोष्ट गेली, तिच्याबद्दल कुणी हळहळलं नाही. १ जुलै २०१७ पर्यंत देशाबाहेर जाताना एक कार्ड भरावं लागे. नाव, पासपोर्ट क्रमांक, विमान, जाण्याचं कारण. इंग्रजी लिहिता येणाऱ्या माणसाला त्या काळी पेन घेऊन उभं राहण्याची सोय नसे, दहा जण भोवती जमत. मी एका रात्री आखातात जाणाऱ्या चौदा जणांची कार्डं भरली आहेत आणि प्रत्येकाच्या आईचं नाव, गाव, पगारसुद्धा मला कळला होता. कार्ड बंद झालं, रांग लवकर सरकू लागली, ते योग्यच झालं. आता तर आधी नोंदणी केलेल्यांसाठी आपोआप उघडणारी दारं आहेत, जानेवारी २०२५ पासून मुंबईतही. त्या दारांतून जाणारा माणूस कुणाशीच बोलत नाही.

काकूंशी मात्र इमिग्रेशनचा अधिकारी बोलला. पासपोर्ट चाळला, व्हिसा पाहिला, वर बघून मराठीत म्हणाला, "कुठं चाललात आजी?"

काकूंनी हातातला कागद पुढं केला. लेकीनं करून पाठवलेला, प्लास्टिकमध्ये घातलेला कागद होता तो. वर इंग्रजीत ठळक अक्षरांत, मला इंग्रजी येत नाही, माझी भाषा मराठी आहे, खाली लेकीचा पत्ता आणि फोन. असे कागद मी बऱ्याच गळ्यांत आणि पदरांच्या गाठीत पाहिले आहेत. अधिकाऱ्यानं तो हसून परत दिला. "हा पुढं लागेल. इथं तोंडानं सांगा."

"लेकीच्या बाळंतपणाला."

"कधी परत?"

"सा म्हैन्याचा शिक्का हाय म्हणत्यात. कारखान्याचं गाळप सुरू व्हायच्या आत येतो."

मे अधिक सहा, नोव्हेंबर. अमेरिकेचा अधिकारी एका वेळी जास्तीत जास्त सहसा सहाच महिने देतो आणि उसाचं गाळप सुरू होतं ते दिवाळीच्या आगेमागे. काकूंचं कॅलेंडर पक्कं होतं. इथल्या अधिकाऱ्यानं शिक्का मारला.

सुरक्षा तपासणीत हातातली पर्स उघडली गेली. पातळ पदार्थ शंभर मिलिलिटरच्या वर नको, हा नियम ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला उघड झालेल्या कटानंतर जगभर आला. देशातल्या विमानतळांच्या दाराशी राज्य पोलिसांच्या जागी सीआयएसएफ आली ती डिसेंबर १९९९ च्या कंदाहार अपहरणानंतर, सुरुवात जयपूरहून. प्रत्येक ट्रेमागं कुठली तरी घटना आहे. काकूंच्या पर्समध्ये पातळ काही नव्हतं. रुमालात गुंडाळलेले चार हापूस होते. महिला जवानानं एक हातात घेऊन हुंगला, मान डोलावली आणि परत ठेवला.

मी काही बोलले नाही. हे आंबे न्यूयॉर्कात उतरणार नाहीत हे मला ठाऊक होतं, पण रात्रीचे दोन वाजले होते आणि बाईंनी आधीच खोबरं गमावलं होतं.

गेटपाशी आमच्यात तिसरा माणूस आला. खेडजवळच्या गावातला, चाळिशीचा, दुबईत वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करणारा. दोन महिन्यांची सुट्टी संपवून परत निघाला होता. त्यानं काकूंकडं बघून पहिली गोष्ट काय केली, तर बोर्डिंग पासवरचा गेट नंबर पडद्यावरच्या नंबराशी पडताळून पाहिला. "पासवरच्या नंबरावर कधी बसायचं नाय मावशी. पडदा सांगेल ते खरं." रत्नागिरी-रायगडातल्या कित्येक घरांचे कर्ते या गेटांवरून अशीच ये-जा करत आले आहेत. विमानतळावर लेख लिहिणाऱ्या आम्हा लोकांपेक्षा त्यांना ही इमारत अधिक कळते.

त्याच्या जुन्या पासपोर्टात 'ईसीआर'चा शिक्का होता. १९८३ च्या कायद्यानुसार, दहावी न झालेल्या माणसाला ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर सरकारी परवानगी लागते. यादीत अठरा देश आहेत, आखातातले जवळजवळ सगळे. हेतू फसवणुकीपासून संरक्षण हाच. पण रांगेत उभं असताना तो शिक्का म्हणजे शाळा सुटल्याचा दाखलाच वाटतो, असं तो म्हणाला. "साहेब पासपोर्ट उघडायचा आणि पहिलं विचारायचा, किती शिकलास?" तीन वर्षं बाहेर काढल्यावर त्याचा तो शिक्का गेला. दोन्ही पासपोर्ट रबर लावून एकत्र ठेवायची सवय मात्र गेली नव्हती.

त्याचे चुलते १९९० मध्ये कुवेतहून आले होते. सद्दामचं सैन्य शिरलं, आणि तिथं अडकलेल्यांना रस्त्यानं जॉर्डनपर्यंत आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला आणलं गेलं. एकोणसाठ दिवस, ४८८ फेऱ्या, एक लाख अकरा हजारांहून अधिक माणसं. "चाचा सांगायचे, सहारला उतरलो तेव्हा हातात एक पिशवी आणि पिशवीत चादर." आधीच्या वर्षी ते आले होते तेव्हा टू-इन-वन आणि ब्लँकेटं घेऊन आले होते, कस्टमवाल्यानं तासभर उभं केलं होतं. या खेपेला कुणीच काही विचारलं नाही. हे सांगताना तो हसत होता, चाचाही असंच हसून सांगत असावेत.

"तुमचा पगार किती?" काकूंनी विचारलं. त्यानं सांगितला. "बरा हाय की," त्या म्हणाल्या. "उसाला एवढं पडत न्हाई."

विमान वेळेवर गेटवरून हललं आणि मग रांगेत थांबलं. खिडकीतून पुढच्या शेपट्यांचे दिवे दिसत होते, मी सहा मोजले. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरता येते. त्या एकीवर डिसेंबर २०१८ मध्ये चोवीस तासांत हजाराहून अधिक विमानं चढली-उतरली. नवी मुंबईचा विमानतळ ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन होऊन डिसेंबरात सुरू झाला तो याच कोंडीवरचा उतारा म्हणून. काकूंना मी फुलीसारखी बोटं धरून दाखवली. "तिठ्यावरचा ट्रॅफिक," त्या म्हणाल्या आणि पट्टा आवळून डोळे मिटले. पुढच्या तीन तासांत सांगण्यासारखं काही झालं नाही. पहाटेच्या जेवणातलं दही त्यांनी खाल्लं, बाकीचं गुंडाळून ठेवलं.

दुबईला उतरलो तेव्हा तिथं सहा वाजायचे होते. घड्याळ दीड तास मागं. काकूंनी आपलं घड्याळ हलवलं नाही, कारण त्यांची रक्तदाबाची गोळी साडेआठची होती. ती आपल्याकडच्या साडेआठलाच घ्यायला मी सांगितलं. पुढचं गणित मात्र मलाही जमेना. दुबईहून सकाळी साडेआठला निघायचं, चौदा तास उडायचं आणि उतरायचं ते त्याच दिवशी दुपारी. सूर्याच्या पाठोपाठ पश्चिमेला गेलं की दिवस संपतच नाही. "मग रातची गोळी कवा?" कागदाच्या मागं लेकीनं तेही लिहून ठेवलं होतं, भारतातल्या वेळेनं.

विमानातून बाहेर पडल्यावर दोन बाण येतात. एक दुबईत उतरणाऱ्यांचा, एक पुढं जाणाऱ्यांचा. खेडचा माणूस तिथं थांबला. काकूंना वाकून नमस्कार करावा की सलाम, असा क्षणभर त्याचा गोंधळ झाला, मग त्यानं नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला आणि सामानाच्या पट्ट्याकडं निघून गेला. निघताना मला म्हणाला, "न्यूयॉर्कच्या गेटावर एक तरी मराठी असणार. नाय मिळालं तर गुजराती बघा."

दुबई विमानतळावरून २०२४ या एका वर्षात ९ कोटी २३ लाख प्रवासी गेले, आणि त्यांत सगळ्यांत मोठा वाटा भारताशी ये-जा करणाऱ्यांचा, १ कोटी २० लाखांच्या घरातला. सोन्याची दुकानं, बाटल्यांच्या भिंती, जमिनीवर चादर अंथरून झोपलेली कुटुंबं. खुर्ची ढकलणाऱ्या माणसानं हिंदीत विचारलं, "अम्मा, पानी?" काकूंनी मराठीत उत्तर दिलं. दोघांचं जमून गेलं. माझ्या विमानाला पाऊण तास होता आणि काकूंच्या विमानाला सव्वादोन. मी गेटावर मराठी शोधायला लागले.

शोधावं लागलं नाही, रडण्यावरून कळलं. "गप बाळा, आता चढायचंय, बस झालं ना गं." तिशीतली मुलगी, पाठीवर लॅपटॉप, एका हातात घडी घातलेली बाबागाडी, दुसऱ्या कडेवर दोन वर्षांची लेक आणि पायाशी तीन पिशव्या. माहेरी जाऊन एकटी परत निघालेली, राहायला न्यू जर्सीतच. नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती. रात्रभर पोर झोपली नव्हती आणि आईही. मी तिच्याकडं गेले ते एक जोखीम सोपवायला, पण तिचा अवतार बघून तोंडातून शब्द निघेना. हिच्या गळ्यात अजून एक बाई कशी घालायची?

मी कसंबसं विचारलं, "या काकू एकट्या आहेत, इंग्रजी येत नाही. जरा..."

तोवर काकू खुर्चीतून उठल्या होत्या. सरळ चालत आल्या, पांढरे बूट करकर वाजवत. मागून खुर्चीवाला "अम्मा, अम्मा" करत होता. काकूंनी पोरगी कडेवर घेतली, तिच्या आईला काही न विचारता. पोरगी जास्तच रडायला लागली. मग काकू परत खुर्चीत बसल्या, पोरीला मांडीवर घेतलं आणि पर्समधला रुमाल सोडला.

तेव्हा मला सांगावंच लागलं. ताजं फळ घेऊन अमेरिकेत उतरता येत नाही, तिथं काढून घेतात, सांगितलं नाही तर दंड करतात. हापूसला जायला बंदी नाही. अठरा वर्षांच्या खंडानंतर २००७ मध्ये तो पुन्हा अमेरिकेत गेला, पण लासलगावच्या केंद्रातून विकिरण होऊन. कोय पोखरणारी कीड तिकडं जाऊ नये म्हणून. केंद्र मुळात कांद्याला कोंब फुटू नयेत यासाठी उभारलेलं. मी एवढं सगळं सांगितलं नाही, दंडापाशी थांबले.

"मग हितंच खाऊया," काकू म्हणाल्या.

सुरी नव्हती. हापूस हा चोखायचा आंबा नव्हे, रायवळासारखा तो माचून खाणं म्हणजे अपराध. काकूंनी तो दोन्ही तळव्यांत फिरवून फिरवून मऊ केला, देठ दातानं उडवला आणि पोरीच्या तोंडाला लावला. रडं मध्येच तुटलं. आजूबाजूच्या चार-पाच माणसांनी वास आल्यासारखी मान वर केली. दुसरा आंबा मुलीच्या आईला, तिसरा मला, चौथा खुर्चीवाल्यापुढं. तो आधी नको म्हणाला, मग इकडंतिकडं बघून भिंतीकडं तोंड करून खाल्ला.

काकूंचा कागद मी मुलीच्या हातात दिला. तिनं फोन नंबर टिपून घेतला. "तुम्ही कुठं राहायला येणार?" तिनं विचारलं, आणि पत्ता वाचून म्हणाली, "अय्या, वीस मिनिटांवर." माझ्याकडं आता कुणाचंच लक्ष नव्हतं. पोरगी काकूंच्या मांडीवर, तोंड, हनुवटी आणि झबलं पिवळं करून, डोळे मिटत होती. काकूंनी तिच्या पाठीवर हात थोपटायला सुरुवात केली होती आणि मुलीला सांगत होत्या, "तू जरा पाठ टेक पोरी. मी हाय."

खुर्चीवाल्यानं सगळ्या पिशव्या खुर्चीच्या मागं अडकवल्या आणि मला विचारलं, "मॅडम भी साथ में?"

"नाही, मी लंडन."

"या ताई आता," काकू म्हणाल्या. "तुमचं इमान चुकंल. माझी काळजी करू नगा."

माझं गेट दुसऱ्या टोकाला होतं. सरकत्या पट्ट्यावर चढल्यावर लक्षात आलं, चारही कोया रुमालासकट माझ्याच हातात राहिल्या होत्या.